न मागणारी मुलगी

लहानपणीं वाचलेल्या पुस्तकांतील माणसें जन्मभर सोबत करितात. परंतु त्यांतलीं कांहीं मनाच्या दिवाणखान्यांत येऊन बसतात, तर कांहीं माजघराच्या दाराआड उभीं राहतात. लुइझा मे ऑल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या 'लिट्ल विमेन' या कादंबरींत मार्च कुटुंबांतल्या चार बहिणी आहेत. थोरली मेग रूपवती व समंजस. दुसरी ज्यो धसमुसळी, मनस्वी आणि लेखनवेडी. धाकटी एमी चित्रकलेची हौशी व थोडी नखरेल. हें पुस्तक वाचून उठलेल्या एखाद्या मुलीला "यांतली तूं कोण?" असें विचारावें, तर ती बहुधा ज्योचें नांव घेते, एखादी मेगचें किंवा एमीचें घेते. तिसऱ्या बहिणीचें, बेथचें, नांव सहसा कोणी घेत नाहीं. बेथसाठीं सर्वांच्या डोळ्यांना पाणी येतें, पण बेथ व्हावें असें मात्र कोणाला वाटत नाहीं. श्रोतेहो, आजचें भाषण या तिसऱ्या बहिणीविषयीं आहे. गरीब स्वभावाची, घरांतच रमणारी मुलगी मोठी होते म्हणजे नेमकें काय होतें, आणि तें तिच्या माणसांना केव्हां दिसतें, हा या भाषणाचा विषय.

प्रथम पुस्तकाची थोडी ओळख. बोस्टन येथील रॉबर्ट्स ब्रदर्स या संस्थेनें या कादंबरीचा पहिला भाग १८६८ सालीं प्रसिद्ध केला. मुलींसाठीं एक गोष्ट लिहावी असा आग्रह संस्थेच्या टॉमस नाइल्स यांनीं धरिला होता. ऑल्कॉटबाईंना तें काम फारसें रुचलें नव्हतें. आपल्या बहिणी सोडल्या तर मुलींची आपली ओळखच थोडी, असें त्यांना वाटे. म्हणून त्यांनीं आपल्या बहिणींचीच गोष्ट लिहिली. ती वाचकांना इतकी आवडली कीं पुढच्याच वर्षीं, १८६९ सालीं, दुसरा भाग निघाला. मराठी घरांत ही कथा शांता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळें पोंचली आहे. कथेच्या आरंभीं अमेरिकेंत यादवी युद्ध चालूं आहे. वडील धर्मोपदेशक म्हणून सैन्याबरोबर गेले आहेत, पूर्वींची संपन्नता ओसरली आहे, आणि आई चार मुली व हॅना नांवाची जुनी मोलकरीण यांच्यासह काटकसरीनें संसार चालवीत आहे.

या घरांत बेथ प्रथम दिसते ती १३ वर्षांची. तिला शाळेंत घालून पाहिलें होतें. परंतु परक्या माणसांत तिच्या जिवाचा असा थरकाप होई कीं शेवटीं शाळा सोडवावी लागली. वडील घरीं शिकवीत. ते लढाईवर गेल्यावर ती एकटीच आपला अभ्यास जमेल तसा पुढें नेते, आणि उरलेला वेळ हॅनाच्या हाताखालीं घर नीटनेटकें ठेवण्यांत घालविते. मेग शिकवणी करून व ज्यो वृद्ध आत्याबाईंची सोबत करून चार पैसे मिळवितात. त्यांच्या कामाला वेतन आहे, म्हणून घरांत त्याची बोलाचाली आहे, कुरकुरहि आहे. बेथच्या कामाला वेतन नाहीं, म्हणून त्याची बोलाचालीहि नाहीं.

तिच्या खेळांतहि हाच स्वभाव दिसतो. तिच्याजवळ सहा बाहुल्या आहेत, पण त्यांतली एकहि धड किंवा देखणी नाहीं. बहिणींनीं खेळून टाकून दिलेल्या बाहुल्या तिनें गोळा केल्या आहेत. एक तर ज्योची. तिचे हातपाय गेलेले, डोक्याची दशा झालेली. बेथनें तिला टोपी बांधली, हातपाय नसल्याचें दिसूं नये म्हणून पांघरुणांत गुंडाळलें, आणि सर्वांत चांगली गादी दिली. मोडलें तें टाकावयाचें नाहीं, झांकून संभाळावयाचें, हा या मुलीचा धर्म.

परंतु येथेंच एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. बेथ निरिच्छ नाहीं. तिला संगीताचें विलक्षण वेड आहे. घरांतला जुना पियानो बेसूर झाला आहे, त्याच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, आणि त्या पट्ट्यांवर पडलेले आपले अश्रु ती कोणी पाहण्यापूर्वीं पुसून टाकते. चांगलें वाद्य आणि चांगला शिक्षक यांची तिला ओढ आहे, पण ती कोणाजवळ मागत नाहीं. न मागणें आणि नको असणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. मात्र घरचीं माणसें त्यांची सर्रास गल्लत करितात. बेथची सगळी कथा या गल्लतीची कथा आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

ही गल्लत न करणारा एकच मनुष्य कादंबरींत आहे, आणि तो घरचा नाहीं. शेजारच्या मोठ्या वाड्यांत राहणारे वृद्ध मि. लॉरेन्स करड्या आवाजाचे, दाट भुंवयांचे गृहस्थ. त्यांच्या एका हाकेनेंच बेथ घाबरून पळून आली होती. या वाड्यांत एक उत्तम पियानो आहे हें ठाऊक असूनहि तिचें पाऊल तिकडे वळेना. हें कळल्यावर त्या वृद्धानें काय केलें? बेथला बोलावणें पाठविलें नाहीं. "लाजतेस काय, ये पाहूं" असें म्हटलें नाहीं. ते भेटीला आले आणि आईशीं संगीताविषयीं, ऐकलेल्या थोर गायकांविषयीं बोलत बसले. कोपऱ्यांतली बेथ हळूहळू पुढें सरकत त्यांच्या खुर्चीमागें येऊन उभी राहिली. त्यांनीं तिच्याकडे पाहिलें नाहीं. मग सहज बोलल्यासारखें ते आईला म्हणाले कीं, नातू हल्लीं वाजवीत नाहीं, वाद्य पडून खराब होत आहे. मुलींपैकीं कोणी अधूनमधून येऊन वाजवील तर बरें. येणाऱ्या मुलीनें कोणाला भेटण्याचें कारण नाहीं, बोलण्याचेंहि नाहीं. आपण स्वतः वाड्याच्या दुसऱ्या टोंकाला असतों. एवढें ऐकल्यावर खुर्चीमागून एक लहानसा हात त्यांच्या हातांत आला.

पुढें बेथ त्या वाड्यांत जाऊं लागली, तीहि दोनतीनदां दारावरून परत फिरल्यानंतर. पियानोवर सोप्या, गोड गाण्यांचीं पानें 'चुकून' राहिलेलीं असत. म्हातारबुवा आपल्या अभ्यासिकेचें दार किंचित् उघडून ऐकत. नोकरांची वर्दळ तिकडे होऊं नये म्हणून नातू लॉरी बाहेर पहारा करी. बेथला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. तिनें कृतज्ञतेनें त्यांच्यासाठीं फुलें भरलेल्या सपाता शिवल्या, आणि उलट भेट म्हणून त्यांनीं आपल्या मृत नातीचा लहान पियानो तिच्याकडे पाठवून दिला. तेव्हां घरच्या सर्वांना थक्क करून ही बुजरी मुलगी तडक शेजारीं गेली, त्या करड्या म्हाताऱ्याच्या अभ्यासिकेचें दार तिनें वाजविलें आणि त्याच्या गळ्याला मिठी मारिली. बेथच्या वाढीचा हा पहिला टप्पा. मुलगी मोठी झाली म्हणजे तिची उंची वाढते, पोशाख बदलतो, लग्नाच्या गोष्टी निघतात, असें सामान्यतः समजतात. बेथ मोठी झाली ती स्वतःच्या भीतीपासून शेजाऱ्याच्या दारापर्यंतचें अंतर चालून. शिक्षकांनीं व पालकांनीं हें प्रकरण पुन्हा पुन्हा वाचण्यासारखें आहे. बुजऱ्या मुलाला ओढून बाहेर काढणें म्हणजे धैर्य शिकविणें नव्हे. त्याच्या वाटेवरचे डोळे बाजूला करणें, हें खरें शिक्षण.

ऑल्कॉटबाईंनीं बेथला देवता केलें नाहीं, हाहि त्यांचा विवेकच. एकदां मुलींना आई एक आठवडा पूर्ण मोकळीक देते: काम नाहीं, नुसती मौज. त्या आठवड्यांत सर्वांबरोबर बेथहि ढिली पडते, आणि तिचा पिवळा पक्षी पिप पिंजऱ्यांत दाण्यापाण्यावांचून मरून पडतो. ज्या मुलीनें मोडक्या बाहुल्या संभाळल्या, तिच्याच हातून हें घडावें! परंतु या प्रसंगांत पुढच्या संकटाची सूचना आहे. न बोलणाऱ्या जिवाकडे घराचें लक्ष आठवडाभर नसलें तरी काय होऊं शकतें, हें येथें एका पांखराच्या निमित्तानें सांगून ठेविलें आहे.

तें संकट लवकरच येतें. वडील आजारी पडून वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत आहेत असा निरोप येतो आणि आई तिकडे जाते. जातांना हमेल नांवाच्या गरीब जर्मन कुटुंबाची विचारपूस ठेवण्याचें ती मुलींना सांगते. पहिले कांहीं दिवस चौघीहि शहाण्यासारख्या वागतात. मग उत्साह ओसरतो. हमेलांकडे रोज जाणारी एकटी बेथ उरते. एके दिवशीं ती मेगला म्हणते, आज तूं जा. त्यांचें तान्हें मूल आजारी आहे आणि काय करावें तें मला कळत नाहीं. मेग दमलेली आहे. ज्योला पडसें आहे. लॉरीबरोबर बाहेर जाण्यापुरतें तें बरें झालें आहे, हमेलांकडे जाण्यापुरतें नाहीं. एमी येईल व जाईल, असें ठरतें. बेथ आपलें डोकें दुखत असल्याचें सांगून पडून राहते. तास जातो; एमी येत नाहीं; मेग नवें वस्त्र घालून पाहण्यांत आणि ज्यो लिहिण्यांत गढून गेलेली. तेव्हां बेथ मुकाट्यानें उठते, टोपडें घालते, टोपलींत कांहींबाहीं भरते आणि थंडीच्या वाऱ्यांत बाहेर पडते.

ती परत येते तेव्हां कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. पुढें ज्योला ती आईच्या खोलींत औषधांच्या पेटीपाशीं बसलेली आढळते. हमेलांचें मूल तिच्या मांडीवरच गेलेलें असतें. तिला स्कार्लेट फीव्हर, म्हणजे अंगावर लाल पुरळ उठविणारा संसर्गजन्य ज्वर, होतो. मेग व ज्यो यांना तो पूर्वीं होऊन गेलेला होता. त्या गेल्या असत्या तर धोका नव्हता. या दुखण्याचें कारण असणारा जंतु आज सर्वांना ठाऊक आहे, आणि पेनिसिलिनसारख्या औषधांनीं तो आटोक्यांत येतो. त्या काळीं असा उपाय नव्हता, आणि वांचलेल्या मुलांचें हृदय कधीं कधीं कायमचें दुबळें होऊन जाई.

या प्रसंगांत दुष्ट कोणीच नाहीं, हें त्याचें खरें दुःख आहे. मेग प्रेमळ आहे. ज्यो तर बेथवर जीव टाकते. त्यांनीं बेथला संकटांत लोटलें नाहीं. फक्त तिचें एक वाक्य नीट ऐकलें नाहीं. जन्मांत क्वचित् मागणाऱ्या मुलीनें त्या दिवशीं मागितलें होतें. परंतु तिच्या मागण्याची घराला संवयच नव्हती, म्हणून तें मागणें आहे हेंच कोणाला कळलें नाहीं.

या कथेमागें खरी माणसें आहेत. ऑल्कॉटबाईंच्या तीन बहिणींची नांवें ॲना, एलिझाबेथ आणि मे. कादंबरींत ॲनाची मेग झाली, मेची एमी झाली, लुइझा स्वतः ज्यो झाली. एलिझाबेथचें नांव मात्र तसेंच राहिलें, कारण बेथ हें त्याचेंच लघुरूप आहे. १८३५ सालीं जन्मलेल्या या एलिझाबेथला १८५६ सालीं, कुटुंब न्यू हॅम्पशायरमधील वॉलपोल गांवीं असतां, हाच ज्वर झाला. आई ज्या गरीब घराला मदत करीत असे तेथून तो आला होता. त्यानंतर ती झिजत गेली आणि १४ मार्च १८५८ रोजीं, २२ व्या वर्षीं, कॉनकॉर्ड येथें वारली. तिच्या शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांत एमर्सन व थोरो हे होते. तिच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं कुटुंब त्याच गांवांतील ऑर्चर्ड हाऊस या घरांत राहावयास गेलें. पुढें 'लिट्ल विमेन' लिहिली गेली ती तेथेंच, आणि आज हें घर संग्रहालय म्हणून लोक पाहावयास जातात. ज्या घरांत खरी एलिझाबेथ कधीं राहिली नाहीं, त्या घरांत बसून बहिणीनें तिला कागदावर पुन्हा वाढविलें, पियानो दिला, आणि दहा वर्षांनीं पुन्हा एकदां निरोप दिला.

कादंबरींतली बेथ त्या पहिल्या तापांतून उठते. पहिल्या भागाचा शेवट सुखाचा आहे. परंतु दुसऱ्या भागांत ती उठली तरी सावरली नाहीं असें हळूहळू दिसूं लागतें, आणि तेथेंहि घरची चूक तीच. बेथ उदास दिसते. खिडकींतून लॉरीकडे पाहते. तिच्या डोळ्यांत पाणी येतें. ज्यो लेखिका आहे. तिनें लगेच एक प्रेमकथा रचिली कीं बेथचें मन लॉरीवर बसलें आहे. वयांत आलेल्या मुलीचें दुःख प्रेमाखेरीज आणखी कशाचें असणार! प्रत्यक्षांत तो धडधाकट, हंसरा तरुण पाहून बेथला आपल्या क्षीण होत चाललेल्या देहाची आठवण होत होती. आपण फार दिवसांच्या सोबती नाहीं हें तिला कळून चुकलें होतें, आणि कोणाला दुःख नको म्हणून तें ती एकटीच वाहत होती.

समुद्रकांठीं दोघी बहिणी राहावयास जातात तेव्हां हें उघडें होतें. वाळूंत बसून बेथ ज्योला सारें सांगते. मोठेपणीं आपण काय करणार याचे बेत इतर बहिणींप्रमाणें आपण कधीं केलेच नाहींत. घराबाहेरच्या आयुष्याचें चित्र आपल्या मनांत कधीं उमटलेंच नाहीं, हें ती सांगते. पूर्वीं चौघी बहिणी टेकडीवर बसून आपापले मनोरथ सांगत असतांना, आईबाबांजवळ घरांत राहावें, एवढेंच बेथनें मागितलें होतें. तेव्हां तें समाधान वाटलें होतें. आतां त्याचा दुसरा अर्थ वाचकाला लागतो. मरणाची भीति नाहीं, पण तुम्हां सर्वांची आठवण येईल ही भीति वाटते, अशा आशयाचें ती बोलते. आपल्याविषयीं इतकें स्पष्ट ती आयुष्यांत प्रथमच बोलली आहे. बेथच्या वाढीचा हा दुसरा आणि शेवटचा टप्पा. एकेकाळीं शेजाऱ्याच्या हाकेला घाबरून पळणारी मुलगी आतां ज्या गोष्टीला सर्व जग घाबरतें तिचें नांव शांतपणें घेते, आणि थोरल्या, धीट बहिणीला धीर देते.

मग तिचा शेवटचा हिवाळा. घरांतली उत्तम खोली तिला देण्यांत येते. पियानो, पुस्तकें, मांजरीं, सर्व तेथें आणून ठेवितात. त्या खोलींत बसून ती खिडकीखालून शाळेला जाणाऱ्या मुलांसाठीं हातमोजे, सुयांच्या पिशव्या, चित्रांच्या वह्या अशा बारीकसारीक वस्तु तयार करून खालीं टाकते. ज्या मुलीला शाळेंत बसवलें नाहीं, ती शाळेच्या वाटेवरच्या पोरांची मैत्रीण होऊन बसते. पुढें सुईच जड वाटूं लागते. तेव्हां ती खालीं ठेवावी लागते. आणि एका पहाटे, अंधार सरण्यापूर्वीं, आईच्या कुशींत बेथ शांत होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. मेगला संसार मिळाला, एमीला कला व ऐश्वर्य, ज्योला लेखन आणि शेवटीं शाळा. गरीब स्वभावाच्या मुलीला मात्र मरण. जणूं अशा मुलीसाठीं प्रौढ जगांत जागाच नाहीं, आणि तिचा आत्मत्याग इतका गोड करून दाखविला कीं वाचणाऱ्या मुलींनीं तो गुण समजून उचलावा. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. त्या काळच्या जगानें अशा मुलीला घराबाहेर खरोखरच जागा ठेविली नव्हती, आणि लेखिकेच्या डोळ्यांदेखत बहीण गेलीहि होती. परंतु उत्तरार्ध खरा नाहीं. बेथ गेल्यानंतरचें ज्योचें वर्णन ज्यानें वाचलें आहे त्याला तें पटणार नाहीं. केरसुणी हातीं घेतल्यावर, भांडीं पुसतांना, घर टापटीप ठेवतांना ज्योला प्रथमच कळतें कीं हें सगळें आपोआप होत नव्हतें. वर्षानुवर्षें कोणीतरी तें करीत होतें, आणि तें इतकें निमूटपणें होत होतें कीं तें काम आहे असेंच कोणाला वाटलें नाहीं. लेखिका त्यागाची स्तुति करून थांबत नाहीं. त्याचा हिशेब मांडते, आणि तो हिशेब घराला उशिरां कळला हें लपवीत नाहीं.

पुढें एमीला मुलगी होते. तिचें नांव बेथ ठेवितात. तीहि नाजूक प्रकृतीची, आणि तिच्याकडे पाहतांना आईबापांच्या मनांत सतत धाकधूक. त्या घरानें एक धडा शिकला आहे: शांत मुलीकडे अधिक पाहावें लागतें, कमी नव्हे.

आतां काळ बदलला आहे. मुली शिकतात, नोकऱ्या करितात, दूरदेशीं एकट्या जातात. तरी कोणत्याहि चार भावंडांत एखादें मूल असें असतेंच कीं ज्याच्याविषयीं आईबाप कौतुकानें म्हणतात, याचा कांहीं त्रास नाहीं. हें प्रशस्तिपत्रक देतांना थोडें थांबावें. ज्याचा त्रास नाहीं त्याच्याकडे लक्षहि जात नाहीं, आणि ज्याच्याकडे लक्ष जात नाहीं त्याच्यावरच घरांतलीं उरलेलीं कामें, उरलेलीं दुखणीं, उरलेलीं जाणींयेणीं येऊन पडतात. अशा मुलाच्या तोंडून मागणें निघण्याची वाट पाहत बसूं नये. आणि समोर उभें करून "तुला काय हवें तें सांग" असें दरडावूंहि नये. त्यानें तें अधिकच आंत जाईल. दार उघडें ठेवावें, सोप्या गाण्यांचीं दोन पानें विसरल्यासारखीं वाद्यावर ठेवावींत, आणि तें पाऊल उंबरठ्याच्या आंत येईपर्यंत मुद्दाम दुसरीकडे पाहावें.